अंगठ्याचं नख

सोमवारी प्रार्थना झाली की मी नखं तपासत असे. हा माझा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. मुलं रांगेत हात पुढं करून उभी राहायची, मी लाकडी पट्टी घेऊन फिरायची आणि ज्याची नखं वाढलेली असतील त्याच्या बोटांवर पट्टीचं टोक टेकवून म्हणायची, "उद्या दिसता कामा नयेत." मारलं कुणाला नाही. माझा आवाजच पुरेसा होता असं आमचे हेडमास्तर म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं म्हणायचे नाहीत.

शाळा करंजवाडीची, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. मी राहायची जाफराबादला आणि रोज पाशामियाँच्या काळीपिवळी जीपमधून यायची. वरच्या वर्गांना भूगोल शिकवायची. साल शहाण्णव. भूगोल म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करायचा विषय, असं मुलांनाच काय, शिक्षकांनाही वाटायचं, आणि त्यावरून माझी सगळ्यांशी भांडणं झालेली होती.

त्या वर्षी ऑगस्ट लागला आणि सातवीच्या मुलींच्या रांगेत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायला लागली. मी नुकतीच बदलून आले होते, म्हणून ती मला नवी होती. मुलींची बाकीची बोटं अगदी स्वच्छ, नखं कापलेली, पण अंगठ्यांची नखं मात्र वाढलेली. एकीची नाही, जवळजवळ सगळ्यांची. मला वाटलं, कुठल्या तरी सिनेमातलं खूळ असेल. रांगेत पहिली उभी होती बेबीनंदा. मी पट्टी टेकवली.

"हे काय?"

तिनं दोन्ही अंगठे मुठीत लपवले. "बाई, हे न्हाई कापता येत."

"का? सोन्याचं आहे का?"

मुलं हसली. ती हसली नाही. "कळी सोलायचं नख हाय, बाई. हे कापलं तर आमचे दादा मला वावरात घेणार न्हाईत."

तेव्हा मला कळलं. करंजवाडीत कापूस होता, पण तो विकायचा कापूस नव्हता. जालन्याच्या बियाणं कंपन्या इथल्या शेतकऱ्यांकडून संकरित कपाशीचं बी तयार करून घ्यायच्या. गावात त्याला 'प्लॉट' म्हणत आणि त्या कामाला 'क्रॉसिंग'. दुपारी तीननंतर दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरायची, अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी रुतवायचं आणि पाकळ्यांसकट सगळे पुंकेसर गोल सोलून काढायचे. मधला नाजूक स्त्रीकेसर तेवढा उभा राहिला पाहिजे, त्याला ओरखडासुद्धा पडता कामा नये. वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल आणून त्यावर अलगद फिरवायचं. असं एकेका कळीला, रोज, दोन महिने.

मोठ्या माणसाच्या बोटांत कळी मोडते. बायकांची नखं राखेनं भांडी घासून झिजलेली असतात. म्हणून ते काम मुलींचं. दहा ते चौदा वर्षांच्या. त्यांची बोटं बारीक असतात, कंबर दुखत नाही आणि दुखली तरी त्या सांगत नाहीत.

मी पट्टी खाली केली आणि पुढं गेले. त्या रांगेत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पण दिवसभर माझं डोकं फिरलेलं होतं आणि त्याचा प्रसाद पाचवीच्या वर्गाला मिळाला.

बेबीनंदाबद्दल सांगितलं पाहिजे. दिसायला किडकिडीत, वेणीची रिबन कायम एका बाजूला सुटलेली, अक्षर भयंकर. पण तिच्या डोक्यात दिशा जन्मतःच बसलेल्या होत्या. डोळे बांधून वर्गात गोल फिरवलं तरी उत्तर कुठं ते ती सांगायची. नकाशा बघून काढायची नाही. एकदा नीट न्याहाळायची आणि वहीच्या पानावर उतरवायची, नर्मदेचं वळणसुद्धा सोडायची नाही. आणि प्रश्न! "बाई, जालन्याला लोखंड जमिनीतून निघत न्हाई, मंग सळयांचे कारखाने तिथं कशाला?" हा प्रश्न तिनं जूनमध्येच विचारला होता. इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारला नव्हता.

सातवीनंतर करंजवाडीत शाळा नव्हती. आठवीला जाफराबादला जावं लागे. मुलगे जायचे, मुली नाही. बेबीनंदा आठवीला जावी, एवढी एकच गोष्ट मला त्या वर्षी हवी होती. बाकी शाळेत माझं कुणाशी काही देणंघेणं नव्हतं म्हटलं तरी चालेल.

तिच्या त्या लोखंडाच्या प्रश्नापासूनच मी धडा सुरू केला. धड्याचं नाव 'भूगोल आणि देशाचा विकास'. पुस्तकात अडीच पानं होती आणि त्यांत 'विकास' हा शब्द इतक्या वेळा आला होता की मुलांना तो एखाद्या पुढाऱ्याचं नाव वाटत होता. मी पुस्तक मिटलं आणि वर्ग अंगणात नेला. चुलीतली राख आणवून जमिनीवर भारताचा नकाशा काढला, चांगला दहा पावलांचा. मुलं कडेला उभी राहिली.

"आत या," मी म्हटलं. "देशाच्या बाहेर काय उभे राहिलात?"

देश म्हणजे दिल्ली, अशी त्यांची पक्की समजूत. सगळे दिल्लीच्या बाजूला गोळा झाले. करंजवाडी कुठं ते विचारल्यावर मात्र गडबड झाली. कुणी मुंबईजवळ गेला, कुणी थेट नागपूरला. बेबीनंदा आली, गोदावरीच्या वर थोडा अंदाज घेतला, पूर्णेची बारीक रेघ ओढली आणि खिशातून एक सरकी काढून तिथं ठेवली. कपाशीचं बी. "हे आपलं गाव," ती म्हणाली.

नकाशावर आमचं गाव पहिल्यांदाच आलं होतं. मला फार बरं वाटलं.

मग आठवडाभर आम्ही त्या नकाशावर खेळलो. जालन्याच्या जागी सळईचा तुकडा. बदनापूरला तुरीचे दाणे, कारण तिथं शेती संशोधन केंद्र. जालन्याची रेल्वे नुकतीच मोठ्या रुळांवर आली होती, तिला सुतळी. लोखंड इथं निघत नाही, पण भंगार रेल्वेनं, ट्रकनं येतं, वीज आहे, माणसं आहेत, माल विकायला चारी बाजूंना वाटा आहेत, म्हणून कारखाने इथं. आणि आमच्या सरकीपासून सुतळ्या निघाल्या त्या विदर्भात, गुजरातेत, आंध्रात. आपल्या वावरातलं बी कुठं कुठं पेरलं जातं ते मुलं घरी विचारून आली होती. राज्यंच्या राज्यं आमच्या सरकीला बांधली गेली. मुलं सुतळ्या मोजत राहिली. मीही.

उद्योग एखाद्या ठिकाणी का वाढतो, याची सहा कारणं पुस्तकात होती. ती मात्र पाठ करून घेतली, परीक्षा होती ना. कच्चा माल, पाणी, वीज, वाहतूक, बाजारपेठ, स्वस्त मजूर. मुलं तालात म्हणायची. "आता आपल्या बियाण्याच्या धंद्याला ही कारणं लावा," मी म्हटलं.

भराभर उत्तरं आली. काळी जमीन. विहिरीचं पाणी. मोटारीला वीज. जालन्याची सडक. देशभर बाजार. सहाव्याला सगळे अडले.

"स्वस्त मजूर म्हंजे ऊसतोडीला जातेत ते," एक मुलगा म्हणाला.

"ते बिहारकडचे असतेत," दुसरा म्हणाला.

मी बेबीनंदाकडं बघितलं. "तू सांग. तुमच्या प्लॉटवर काम कोण करतं?"

"मी, आई अन् चुलत बहीण."

"मग?"

तिला माझा रोख कळला आणि ती चक्क रागावली. "आम्ही मजूर न्हाई, बाई. आमचं सोताचं वावर हाय. घरच्या कामाला कुणी मजुरी म्हणतं का?"

मी तास तिथंच थांबवला. धडा होता, उलटतपासणी नव्हती. पण तिनं तो प्रश्न सोडला नाही, हे मला नंतर कळायचं होतं.

सप्टेंबरात जाफराबादला तालुक्याचं शालेय प्रदर्शन होतं. विषय आला तो नेमका 'आपला परिसर आणि देशाचा विकास'. मला कोण आनंद झाला! राखेचा नकाशा आम्ही प्लायवूडवर उतरवला, सरकी डिंकानं चिकटवली, सुतळ्या खिळ्यांना बांधल्या. सांगायला बेबीनंदाच हवी होती. दुसरं कुणी सांगितलं असतं तर मी तो नकाशा विहिरीत टाकला असता.

अडचण एकच होती. ते दिवस क्रॉसिंगच्या ऐन भराचे होते. म्हणून मी तिच्या घरी गेले.

धर्मराज, तिचा बाप, म्हणजे तिचे 'दादा', ओसरीवर लाल कागदाच्या टोप्या कापत बसला होता. बुटका, हाताचा जाड, बोलायला सावकाश. प्लॉट घेऊन त्याला दुसरंच वर्ष होतं. मी बोलले, त्यानं शांतपणं ऐकून घेतलं.

"बाई, कळी थांबत न्हाई," तो म्हणाला. "आज सोलली न्हाई तर उद्या आपोआप उमलती अन् सोताच्याच परागानं फळती. तसलं एक बोंड जरी बियात मिसळलं अन् तपासणीत घावलं, तर समदा प्लॉट नापास. वर्ष गेलं मंग."

"एक दिवस, धर्मराजभाऊ."

"कळीला एक दिवसच असतो, बाई."

सगुणाबाई, बेबीनंदाची आई, दारातून म्हणाली, "सकाळचं फूल फिरवायचं मी करते. त्याला नख लागत न्हाई. कळ्या सोलायला तेवढं तिला तिनाच्या आत आणा."

धर्मराजनं कात्री खाली ठेवली. "मी येतो संगं. दोन वाजता तिला सायकलवर घालून वापस आणीन."

"आणि आठवीचं?" मी लगेच विचारलं. लोखंड तापलेलं आहे असं मला वाटलं.

"बघू," तो म्हणाला.

आमच्याकडं 'बघू' म्हणजे नाही. हे महाराष्ट्रातल्या सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. मी चप्पल घातली आणि निघाले. वाटेत रडूच आलं मला, रागानं.

प्रदर्शनाच्या दिवशी पाशामियाँनी जीप थेट शाळेच्या दारात आणली. प्लायवूड बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "बाई, ये इतना बडा हिंदुस्तान अंदर न्हाई बैठता. ऊपर बांधू क्या?" मग हिंदुस्तान जीपच्या टपावर दोरीनं बांधला आणि आम्ही निघालो. बेबीनंदा खिडकीतून सारखी वर बघत होती, सुतळ्या सुटल्या की काय म्हणून. धर्मराज मागून सायकलवर येत होता.

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या दालनात मांडलं होतं. कुणी ज्वालामुखी केला होता, कुणी थर्माकोलचं गाव. आमच्या नकाशापुढं गर्दी झाली, कारण तो दुसऱ्या कशासारखाच नव्हता. तपासायला विस्तार अधिकारी आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, माणूस वाईट नव्हता. त्यांनी बेबीनंदाला छान हसून विचारलं, "बाळ, एवढा मोठा बियाण्याचा धंदा तुमच्याच भागात का वाढला?"

ती सुरू झाली. काळी जमीन ओल धरून ठेवते, साहेब. विहिरींचं पाणी आहे, ते उपसायला मोटारीला वीज आहे. पाऊस बेताचा, म्हणून फुलं सडत नाहीत. जालना जवळ, तिथून रेल्वे, सडक. बाजारपेठ म्हणजे सगळा देश, ह्या सुतळ्या बघा. एकेका सुतळीवर बोट ठेवून ती सांगत होती आणि तिच्या अंगठ्याचं नख प्लायवूडवर टकटक वाजत होतं. धर्मराज दाराशी उभा होता. लेकीसाठी त्यानं कागदात भजी आणली होती.

"शाब्बास. आणि शेवटचं कारण? एक राहिलं."

"ते इथं लागू न्हाई, साहेब."

"का बरं? स्वस्त मजूर नाहीत तुमच्या गावात?"

"न्हाईत," बेबीनंदा म्हणाली. "मजूर महाग पडतेत. त्यांन्ला रोज द्यावा लागतो. म्हणून आम्ही हाओत."

"आम्ही म्हणजे?"

तिनं दोन्ही हात वर केले आणि अंगठे पुढं धरले. "पोरी. आमान्ला काहीच द्यावं लागत न्हाई. मी लई इचार केला, साहेब. आम्ही मजूर न्हाई, मंग त्या सहा कारणांत आम्ही कुठंच बसत न्हाई. पर आम्ही नसलो तर धंदा होत न्हाई. मंग आमचं कारण सातवं हाय का?"

तिनं तक्रार केलेली नव्हती. त्या पोरीच्या आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. प्रश्न विचारला होता, तिनं विचार करून उत्तर दिलं होतं, आणि आता तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेब हसले. मनापासून हसले. मग भोवतालचे शिक्षक हसले, मुलं हसली. "हुशार आहे हं," साहेब म्हणाले. "पण बाळ, उत्तर पुस्तकाला धरून द्यायचं. कारणं सहाच आहेत."

"साहेब, उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं. गरजेपेक्षा खूप मोठ्यानं म्हटलं असावं, कारण ज्वालामुखीपाशी उभे असलेलेही वळले. "चुकलं असेल तर पुस्तक चुकलंय."

"बाई, पुस्तक काय मी लिहिलंय?"

"मीही नाही लिहिलं. पण मला ते हिला शिकवावं लागतं."

ते पुढच्या टेबलाकडं गेले. बक्षीस थर्माकोलच्या गावाला मिळालं. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही आणि आताही नाही. मला वाटलं ते वेगळंच. मी दाराकडं बघितलं तेव्हा तिथं हसत नसलेला एकच माणूस होता.

धर्मराज तसाच उभा होता. हातातल्या कागदाला तेल सुटलं होतं. तो लेकीकडं बघत नव्हता, तिच्या अंगठ्यांकडं बघत होता. तिनं हात खाली केले तरी तो तिथंच बघत राहिला.

दोन वाजले. त्यानं तिला भजी दिली, ती खाईपर्यंत सायकल धरून उभा राहिला. मग माझ्याजवळ आला. "बाई, ते साहेब का हासले?"

"त्यांना कळलं नाही म्हणून."

त्यानं मान हलवली. "मला कळलं," तो म्हणाला, आणि लेकीला कॅरिअरवर बसवून निघून गेला. तिनाच्या आत ते वावरात पोचले. त्या दिवशीही तिनं कळ्या सोलल्या. दुसऱ्या दिवशीही. कपाशीला कुणाचं मन कळत नाही, ती आपली फुलत राहते.

पुढं काही घडलं नाही. ऑक्टोबरात फुलोरा संपला, मुलींनी नखं कापली, दिवाळी झाली. धर्मराजचा प्लॉट पास झाला. मी त्याला रस्त्यात दोनदा भेटले, पण आठवीबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही. पुन्हा 'बघू' ऐकायचं नव्हतं. बेबीनंदा वार्षिक परीक्षेला बसली. भूगोलाच्या पेपरात सहा कारणांचा प्रश्न आलाच. तिनं सहा कारणं लिहिली, आणि खाली एक आकडा, सात, आणि त्याच्यापुढं जागा कोरी ठेवली. मी पूर्ण गुण दिले.

जून उजाडला. शाळा भरून चार-पाच दिवस झाले होते. सातवीत नवी मुलं आली होती. हेडमास्तर रजेवर होते, म्हणून ऑफिसात मीच होते. दारात धर्मराज येऊन उभा राहिला. एकटाच.

"बाई, पोरीचा दाखला पायजे."

मुलीचा दाखला बाप दोनच कारणांनी मागतो आणि करंजवाडीत त्यातलं एकच कारण चालायचं. लग्नाला वय दाखवायला. ती अजून तेरा वर्षांची होती.

"कशाला?" मी विचारलं. पट्टी हातात असती तर मी ती टेबलावर आपटली असती. "स्थळ आलंय का? सांगून टाका. लपवू नका माझ्यापासून."

तो गोंधळला. "स्थळ? न्हाई हो बाई. जाफराबादच्या शाळेत नाव घालायचंय. आठवीला. तिथं दाखला लागतो म्हणले."

मी खुर्चीत बसले. दाखल्यांचं पुस्तक पुढं ओढलं.

"आणि प्लॉट?" मी विचारलं. "सोडला?"

"सोडून कसं भागंल? घेतलाय की. लावण बी झाली."

"मग कळ्या कोण सोलणार? आईची नखं तर झिजलेली. धाकटी पोर लावणार कामाला?"

हे मी मुद्दाम खवचटपणं विचारलं. बेबीनंदाची धाकटी बहीण आमच्याच शाळेत तिसरीत होती. मला भीती होती ती हीच.

"न्हाई," तो म्हणाला.

मी दाखला लिहिला. नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याचं कारण: पुढील शिक्षणासाठी. मुलीच्या दाखल्यावर हे कारण मी त्या गावात पहिल्यांदा लिहीत होते, आणि अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. मग दाखला मिळाल्याची खूण म्हणून त्याच्यापुढं रजिस्टर सरकवलं आणि शाईची गादी उघडली. धर्मराजला सही येत नव्हती.

त्यानं हात पुढं केला. जाड, भेगाळलेली, मातीनं काळवंडलेली बोटं, नखं विळ्यानं तोडल्यासारखी वेडीवाकडी. पण अंगठ्याचं नख तेवढं वाढलेलं होतं. नीट राखलेलं. मी त्याचा दुसरा हात बघितला. त्याही अंगठ्याचं.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं तेव्हा तो शरमला. गडीमाणसानं क्रॉसिंगला बसायचं म्हणजे गावात हसू होतं. ते पोरींचं काम.

"वाढवून राह्यलो," तो हलकेच म्हणाला. "उन्हाळ्यात भेंडीच्या कळ्यांवर हात बसवून पाह्यला. बोटं जाड हायेत, बाई. लई मोडल्या. आता दहातली एखादी साजरी निघती. श्रावणापस्तोर जमंल."

"लोक हसतील, धर्मराजभाऊ."

"हासू द्या," तो म्हणाला. "मी घरचाच हाय. मला बी काही द्यावं लागत न्हाई."

त्यानं अंगठा गादीवर दाबला आणि मग रजिस्टरवर. वाढलेलं नख सवयीचं नसल्यामुळं ते आधी टेकलं. अंगठा उचलला तेव्हा ठशाच्या वर नखाची एक बारीक कोर उमटली होती, निळी. त्याला वाटलं चूक झाली. तो कागद पुसायला निघाला.

"राहू द्या," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्यानं दाखल्याची घडी घातली, टोपीत ठेवली आणि गेला. बाहेर प्रार्थना संपली. तो सोमवार होता, मुलं अंगणात रांगा लावून हात पुढं करून माझी वाट बघत उभी होती, आणि त्यांत तिसरीतली ती धाकटीही होती. मी बाहेर गेले आणि सगळ्यांत आधी तिचे अंगठे बघितले. नखं कापलेली होती. तिच्या पुढच्या मुलीची मात्र वाढायला लागली होती.